चालणारा माणूस फोटोत येत नाही

कडा. आश्विन शुद्ध १०, फसली १३३६

दसरा. सोनं वाटून आलो. आजपासून ही वही धरली आहे. पुढे मी नावाजलो तर लोक सुरुवात विचारतील, तेव्हा आठवत बसायला नको.

सुरुवात अशी. घरचा धंदा शिंप्याचा. नगरला एका फोटोवाल्याचे मागचे पडदे शिवायला म्हणून गेलो आणि काही वर्षांनी फोटो काढायला शिकून यंदाच्या ज्येष्ठात परत आलो. आता दुकानाच्या अर्ध्या भागात शिवणयंत्र आहे, अर्ध्या भागात कॅमेरा. दिवसा फोटो कोणीही काढतो. रात्री काढणारा निजामाच्या मुलखात कोणी असल्याचे माझ्या कानावर नाही. हैदराबादला पुढच्या साली प्रदर्शन भरणार आहे. तिथे मी आमच्या कडा गावची रात्र पाठवणार. त्यात खुर्चीवर हात ठेवून छाती काढलेला कोणी नसेल. जो तो आपल्या वाटेने चाललेला, आपला फोटो निघतो आहे हे ठाऊक नसलेला.

काचा नगरहून आणल्या. फोटो त्यांच्यावर उमटतो आणि त्यांना ऊन चालत नाही. सरहद्दीच्या नाक्यावर एका कारकुनाने खोका उघडला, वरची काच उन्हात धरली आणि "कोऱ्याच हायत की" म्हणून परत ठेवली. त्याने बघेपर्यंत त्या खरोखरच कोऱ्या होत्या.

भिवराला, म्हणजे घरात, बेत सांगितला. ती म्हणाली, "रातच्याला फोटो काढून घ्यायला कोन येनार?"

"कोणी येणार नाही. मीच जाणार."

"त्येंनी बोलीवलंय का तुमाला?"

तिला कला समजत नाही.

आश्विन शुद्ध १२

आठवड्याचा बाजार. अंधार पडल्यावर गाड्या परत निघाल्या, तेव्हा पेठेत कॅमेरा लावला. नगरहून एक पूड आणली आहे, ती पेटवली की क्षणभर दिवसासारखा उजेड पडतो. पेटवली. उजेड पडला. तो बैलांनीही पाहिला. गाडी कुंभाराच्या मडक्यांतून पार झाली. फोटोत एका बैलाचे शेपूट आले आहे, ते मात्र चांगले आले आहे.

माझी डावी भुवई जळाली. कुंभाराने उजवीकडून मारले, त्यामुळे तोंड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. भिवराने खोबरेल लावले.

आश्विन शुद्ध १५, कोजागिरी

पूड बंद. चांदणे पुष्कळ होते, म्हणून नदीकडच्या वाटेवर गेलो. कॅमेऱ्यामागे काळे कापड डोक्यावर घेऊन वाकलो असताना बायकांची किंकाळी ऐकू आली आणि पाठोपाठ दगड आले. रात्री नदीकाठी डोक्यावर काळे कापड घेऊन उभे राहणाऱ्याला गावात काय म्हणतात ते मला तेव्हा सुचले.

राखणदार धुळाजी धनगर काठी घेऊन धावला आणि मला चावडीवर घेऊन गेला. तिथे विठ्ठलराव देशमुख बसले होते. निम्मे गाव त्यांचे, उरलेले त्यांच्या भावकीचे.

"काय करायलास बे अंधारात?"

"फोटो काढत होतो, मालक."

"कुनाचा?"

"कुणाचा नाही. रात्रीचा."

"रात बघितली हाय आमी," ते म्हणाले. पण सोडले. वर म्हणाले, की धंदा चांगला दिसला तर हैदराबादेस त्यांच्या मेव्हण्यांना माझ्यासाठी शब्द टाकतील. देशमुखांचा शब्द म्हणजे निम्मे प्रदर्शन.

घरी भिवराचा पट्टा सुरू झाला. ती नदीची वाट दिवेलागणीनंतर बायकांची आहे. दिवसभर सासू, दीर, सासरा. उघड्यावर चार शब्द बोलायला मिळतात ते तेवढेच. "तेवढा अंधार आमचा हाय, त्यो तरी ऱ्हाऊ द्या."

माझ्या जीविताच्या दृष्टीने आता असे ठरवले आहे: नदीच्या वाटेला जायचे नाही, डोक्यावर कापड घ्यायचे नाही, स्वतःपाशी कंदील ठेवायचा आणि निघण्यापूर्वी धुळाजीला सांगायचे.

आश्विन वद्य ३

शोध लागला. पूड नको असेल तर वेळ द्यावा लागतो. चांदणे आणि कंदील एवढ्या उजेडावर काच पाव तास उघडी ठेवली की चित्र येते. तेल्याच्या माळवदावर, घराच्या सपाट छतावर, चढून पेठेवर कॅमेरा लावला. खालून शेकडो माणसे गेली. काच धुऊन पाहतो तो पेठ रिकामी. एक झोपलेला कुत्रा आणि मारुतीच्या पायरीवर बसून राहणारा आंधळा धोंडीराम, दोघेच काय ते लख्ख.

प्रथम वाईट वाटले. मग कळले की चालणारा माणूस एका जागी इतका थोडा वेळ असतो की काचेला तो लागतच नाही. उभा राहील तोच येतो.

आश्विन वद्य ५

सकाळपासून दुकानात माणसे येत आहेत. परवा रात्री आपण फोटोत आलो काय, एवढेच प्रत्येकाला विचारायचे आहे. कुठून येत होतो ते कोणी सांगत नाही. शिंदीच्या दुकानाची वाट तेल्याच्या माळवदाखालून जाते हे मी लक्षात घ्यायला हवे होते. दोघांनी माझे हातपाय मोडण्याची तयारी दाखवली.

शेवटी विठ्ठलरावांकडे गेलो. त्यांनी दवंडीच पिटवली. चालणारा माणूस फोटोत येत नाही, उभा राहील तोच येतो, त्रिंबकची काच खोटं बोलत नाही. शेवटचे वाक्य माझे, नावासकट.

तेव्हापासून मी सुरक्षित आहे. कॅमेरा दिसला की गाव झपाझप चालू लागते. शिंदीच्या दुकानातून निघालेला माणूस एरवी भिंतीला धरून जातो, तोही माळवदाखालून तालमीतल्यासारखा सरळ निघून जातो.

आश्विन वद्य ९

विठ्ठलरावांनी मुलाचा फोटो काढायला सांगितले. त्यांना मूलबाळ नव्हते. चैत्रात लांबच्या भावकीतल्या एका घरातून चार वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. मी तेव्हा नगरला होतो, जेवण चुकले. मुलाचे नाव आता रामकिसन. आधीचे काय होते ते कोणी काढत नाही.

हा मुलगा उभा राहत नाही. दुकानात उन्हाच्या उजेडात दोन श्वासांपुरते स्थिर राहायचे असते. विठ्ठलरावांनी दटावले, धुळाजीने खांदे धरले, मी खडीसाखर दिली. प्रत्येक काचेवर टोपी आणि शेला नीट आला आणि तोंडाच्या जागी धुके. सगळ्या काचा वाया.

आमच्या मागच्या खोलीत भिवराने श्रावणापासून एक बाई ठेवून घेतली आहे. सत्यभामाबाई. घाटनांदूरकडच्या, विधवा, नवरा पटकीत गेला. दळण-कांडण करतात, काचा धुवायला गार पाणी भरतात. पाय न वाजवता चालतात. दिवेलागणीनंतर रोज देवदर्शनाला जातात, भक्ती चांगली आहे. आज देशमुख दुकानात असेपर्यंत त्या चुलीपुढून हलल्या नाहीत आणि भाकरी करपल्या. नंतर दाराआडून म्हणाल्या, "दादा, त्या वाया गेलेल्या काचांतली एक मला देता का?"

वाया गेलेली काच मी खरवडून पुन्हा वापरतो. पण दिली. लोणच्याच्या बरणीवर झाकायला लागत असेल.

कार्तिक शुद्ध १२

विठ्ठलरावांचा निरोप. त्रिपुरी पुनवेला माडीवर पणत्या लावणार, त्याचा रात्रीचा फोटो हवा. हैदराबादेस मेव्हण्यांना पाठवायचा आहे. माझे नाव आपोआप जाईल. आज मला झोप येणार नाही.

कार्तिक शुद्ध १५, त्रिपुरी

तेल्याच्या माळवदावरून देशमुखांची माडी समोर दिसते. मध्ये गल्ली आणि औदुंबराचा पार. पणत्या, चांदणे, वारा नाही. पाव तास काच उघडी ठेवली. माडीच्या एका खिडकीतला दिवा फार मोठा होता, त्याने चित्र बिघडेल म्हणून धुळाजीला सांगून पाठवले. देशमुखीण विमलबाईंनी उलट निरोप दिला की रामकिसनला अंधाराचे भय वाटते, रोजच दिवा मोठा ठेवावा लागतो, कमी होणार नाही. लोकांना कलेपेक्षा पोरे मोठी.

कार्तिक वद्य १

उत्तम. पणत्या, कौले, महिरप, सगळे. फक्त पारापाशी एक उभा फिकट डाग आहे, माणसाएवढा. पाणी कमी पडले असावे. सत्यभामाबाईंना विचारले, पाणी नीट भरले होते ना? त्यांच्या हातातली घागर निसटली. नवी घागर.

कार्तिक वद्य ३

विठ्ठलराव फोटोवर खूष झाले आणि मग डागाशी थांबले.

"हे कोन?"

"डाग आहे, मालक."

"डागाला पदर कसा बे?"

नीट पाहिले. पदर होता. पाठमोरी बाई, माडीतल्या त्या मोठ्या दिव्याच्या खिडकीकडे तोंड करून उभी. पाव तास जागची हललेली नाही. विठ्ठलरावांचा चेहरा उतरला. दत्तक झाल्यापासून गावातली भावकी खार खाऊन आहे, वारस नसता तर जमीन त्यांना गेली असती. भावकीनेच करणीला बाई उभी केली असा विठ्ठलरावांचा तर्क. म्हणाले, "मागून काढलास, आता बाजूनं काढ, त्वांड दिसंल असं. पुढच्या चांदण्यात पाराच्या कडंला कॅमेरा लाव. कोन हाय ते दाखव मला. तिला गावाबाहेर घालतो आन् ती खिडकी चिरा लावून बंद करतो. हैदराबादचं मग बघू."

राखणदाराने पकडावी, असे मी सुचवले. ते म्हणाले, धुळाजीला बघून ती पळेल, डब्याला बघून कोण पळतंय.

आनंद झाला पाहिजे. माझी काच सरकारी पुराव्यासारखी धरली जाते आहे.

कार्तिक वद्य ४

रात्री जेवताना भिवराला हे सगळे सांगितले. तव्यावरची भाकरी तशीच राहिली.

"करनी न्हाई ती," ती म्हणाली. "सत्यभामाक्का हायत."

"कोणत्या?"

"आपल्या घरात किती हायत?"

मग तिने सांगितले. रामकिसन सत्यभामाबाईंचा. त्याचे नाव बद्रीनाथ होते. नवरा गेल्यावर घरात दाणा नव्हता, भावकीतून विठ्ठलरावांनी मुलगा मागितला, बाईंनी ओटीतून काढून दिला. बोली अशी, की पोर रुळेपर्यंत आईने तोंड दाखवायचे नाही, कड्याच्या शिवेत यायचे नाही. त्या घाटनांदूरला परत गेल्या, आणि आषाढ संपेपर्यंत चालत इकडे आल्या. रोज दिवा लागला की पारापाशी उभ्या राहतात. खिडकीत पोर आले तर दिसते.

"हे मला आधी का नाही सांगितले?"

"तुमी फोटो काढता म्हनून."

"गावात आणखी कोणाला माहीत आहे?"

"बायांना हाय," भिवरा म्हणाली. म्हणजे निम्म्या गावाला. उरलेल्या निम्म्यात मी.

कार्तिक वद्य ६

दोन दिवस काम सुचत नाही. एका शेरवानीला डावी बाही दोनदा लावली.

मनाशी खरे बोलायचे तर असे आहे. विठ्ठलरावांना सांगितले तर हैदराबाद पक्के. न सांगितले तर मी खोटा, आणि फोटोवाल्याने खोटे असून चालत नाही. काच ऐन पाठीमागून दाखवते आहे, मी कोण झाकणार?

दुपारी सत्यभामाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "दादा, तुमच्या पोटावर पाय नको. मी उद्या गावाकडं जाते."

"मग प्रश्नच मिटला," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "कदी खिडकीत येतंय, कदी न्हाई येत. आलं की माझी रात निघती. न्हाई आलं तर दिवा बघते. तिकडं घाटनांदूरला कुनाचा दिवा बघू?"

रात्री भिवराने मला वाढले आणि स्वतः सत्यभामाबाईंपाशी जाऊन बसली. पिठले आळणी होते. मी मीठ मागितले नाही.

कार्तिक वद्य ७

विठ्ठलरावांकडे जाऊन सांगितले की बारकाईने पाहता तो डागच आहे, पदर हा भास.

ते म्हणाले, "दवंडीत काय होतं बे? त्रिंबकची काच खोटं बोलत न्हाई. मंग आता काच खोटी का तू?"

आपल्याच वाक्याने कधी असा मार खाल्ला नव्हता. कुंभाराचा परवडला.

भिवराने सत्यभामाबाईंना जाऊ दिले नाही. गाठोडे फळीवर ठेवले आणि शिडी शेजारी नेऊन दिली.

कार्तिक वद्य १२

भिवराला एकाएकी माझ्या विद्येत गोडी वाटू लागली आहे. चालणारे माणूस खरेच येत नाही का? सावकाश चालले तर? बाजूने काढले तर? वळताना? पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून गेले तर? लग्नाला इतकी वर्षे झाली, माझ्या कामाबद्दल तिने पहिल्यांदाच विचारले. मी खूष होऊन अंगणात चिमणी लावली, जुनी काच घेतली आणि तिला तुळशीभोवती फिरवले. तुळस आली, भिवरा आली नाही. एकदा मात्र ती पदर सावरायला थांबली, तर तिथे धुरासारखे काहीतरी आले.

"म्हंजी थांबायचं न्हाई," ती म्हणाली.

"अगदी बरोबर." शिष्य हुशार आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ५

पेठेतल्या बायकांनी दत्तजयंतीपर्यंत औदुंबराला प्रदक्षिणा धरल्या आहेत. दिवेलागणीनंतर सुरू होतात आणि माडीतला दिवा विझेपर्यंत चालतात. भिवरा पुढाकाराने जाते. एवढी भक्ती तिच्यात होती हे मला ठाऊक नव्हते. सत्यभामाबाईही जातात. मी भिवराला बाजूला घेऊन म्हटले, की त्यांनी तरी नेमक्या त्या पारावर जाऊ नये, पुढच्या चांदण्यात तिथेच कॅमेरा लागणार आहे. ती म्हणाली, "देवाचं काम हाय, मी कोन अडवनार?"

मार्गशीर्ष शुद्ध ९

विठ्ठलराव पेचात आहेत. गल्लीत रोज बायका. माडीतून खाली बघत बसणे शोभत नाही, धुळाजीला तिथे उभे करणे त्याहून नाही. त्यांनी गल्लीकडचे पुरुषांचे बसणेच मागे अंगणात नेले. मला म्हणाले, "व्रताच्या बायांकडं मानसानं बघू नये. तुजा डबा बघंल. ज्या फिरत्यात त्या येनार न्हाईत, जी करनीला उभी हाय ती येईल. बेस झालं."

मी त्यांना म्हणालो, मालक, त्यांतल्या एखादीला आवडले नाही तर? मला नदीकाठचे दगड आठवत होते. ते म्हणाले, विमलबाईंनी सगळ्यांना विचारले, कोणाची ना नाही. स्वतः विमलबाईही आजपासून प्रदक्षिणेला उतरणार. देशमुखीण दिवसा उंबऱ्याबाहेर पडत नाही, रात्री देवासाठी चालते.

मार्गशीर्ष शुद्ध १४

जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

पाराच्या कडेला कॅमेरा तिरका लावला, एका बाजूला पार आणि दुसऱ्या बाजूला माडीची खिडकी येईल असा. धुळाजी माझ्यासोबत, बायकांकडे पाठ करून, भिंतीशी बोलल्यासारखा उभा. पाव तास पुरा झाल्याशिवाय कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपी घालू द्यायची नाही असा त्याला हुकूम.

बायका आल्या. पेठेतल्या झाडून सगळ्या असाव्यात. मला बघून कोणी किंचाळली नाही, हे नवीन. औदुंबराभोवती फिरू लागल्या. मी टोपी काढली.

सत्यभामाबाई त्यांत होत्या. मला वाटले होते की भिवरा ऐन वेळी त्यांना घरी ठेवील. प्रत्येक फेरीला माडीसमोर आल्या की त्यांचे तोंड वर व्हायचे आणि पाऊल जड व्हायचे. आता थांबतील, आता थांबतील. थांबल्या तर त्या येणार, बाजूने, तोंडासकट. आणि दर वेळी मागची बाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना हलकेच पुढे घ्यायची. मागची बाई विमलबाई होत्या. पैठणीच्या काठावरून ओळखले, काठ आम्हा शिंप्यांना लांबूनही चुकत नाहीत.

टोपी माझ्या हातात होती. धुळाजीची पाठ होती. झटकन घालावी आणि काच बिघडली म्हणावे, असे एकदा वाटले. घातली नाही. चित्र चांगले येत होते, आणि मी तसला माणूस आहे.

वर खिडकीकडे पाहायला मला सवड झाली नाही. वेळ संपला, टोपी घातली. भिवरा जवळून जाताना म्हणाली, "घरी जावा आता. काच धुवायला पानी भरून ठेवलंय."

मार्गशीर्ष शुद्ध १५, दत्तजयंती

गल्ली रिकामी आली. पार, औदुंबराचे खोड, पायऱ्या, माडी. एक पदर नाही, एक पाऊल नाही. एवढ्या बायका, आणि काचेवर चांदण्याशिवाय काही नाही. लाल कंदिलाच्या उजेडात मी ती काच कितीतरी वेळ धरून बसलो होतो. मग भिवराची तुळस आठवली आणि पिठल्यात नसलेले मीठ आठवले, आणि मला मोठ्याने हसू आले. बाहेरून भिवराने विचारले, "आलं का कोनी?" मी म्हटले नाही. बाहेर पुष्कळ जणी होत्या असे त्यांच्या सुस्काऱ्यावरून वाटले.

दोन कागदांवर उतरवून घेतले आणि एक घेऊन माडीवर गेलो. विठ्ठलराव खिडकीपाशी नेऊन बघत राहिले.

"कोनीच न्हाई."

"नाही, मालक."

"म्हंजी गेली." त्यांना हायसे वाटले. गवंड्याला चिऱ्यांसाठी बोलावले होते, त्याला परत जा म्हणून सांगितले. मग बोट वर माडीपाशी गेले आणि थांबले.

"हे काय?"

ते मी घरीच पाहिले होते. खिडकीत, दिव्यापुढे, दोन्ही हातांनी गज धरून रामकिसन उभा आहे. टोपी, कान, बोटेसुद्धा सुटी दिसतात. कुठे धुके नाही.

"रामकिसन," मी म्हणालो.

"हे पोर उभं ऱ्हातंय?"

"काल राहिले."

"पाव तास?"

"हलले असते तर आले नसते, मालक."

आत कुठेतरी रामकिसन भांडे वाजवत धावत होता. विठ्ठलरावांनी विचारले, "बघत कुनाकडं होतं?"

"औदुंबराकडे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. इतके सरळ त्यांनी माझ्याकडे चावडीवरही पाहिले नव्हते. मी भुवई खाजवली, ती अजून पुरती उगवलेली नाही.

"बायांच्या त्या प्रदक्षिणा," ते म्हणाले, "कवा संपत्यात?"

"आज संपल्या."

"चालू ऱ्हाऊ द्या म्हनावं." मग आवाज साफ करून म्हणाले, "देवाचं एकदम बंद करू नये. पोराला सवय झालीया." आणि मला बजावले की हा फोटो ना मेव्हण्यांना जाणार, ना प्रदर्शनाला, आणि तो मी कोणाला दाखवायचाही नाही. फोटो घडी न पडेल असा कोटाच्या आत ठेवून ते उठले. विठ्ठलराव एवढे देवभोळे कधीपासून झाले ते समजत नाही. हैदराबादचे तर त्यांनी नावच काढले नाही. मीही काढले नाही, नंतर घरी आल्यावर आठवले.

दुसरा कागद सत्यभामाबाईंना दिला. कोणाला दाखवायचा नाही असा हुकूम होता. दाखवला नाही, देऊन टाकला.

त्यांनी तो चुलीच्या उजेडात धरला. "मी आले न्हाई ना कुटं?"

"नाही."

मग त्यांना खिडकी सापडली. भिवरा त्यांच्या शेजारी बसली. मी माझी कामे काढली, पण दुकानात रात्री काम नव्हते.

थोड्या वेळाने त्या दारात आल्या. हातात ती काच होती, मी बरणीसाठी दिली असे समजत होतो ती. फडक्यात गुंडाळलेली, लोणच्याचा वासही नाही.

"ही घ्या परत, दादा," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात हाललाय."

मी घेतली. खरवडायच्या काचांत ठेवायला गेलो आणि ठेवली नाही.